छोट्या आगगाडीचे इंजिन निवडताना

मुंबईहून नाशिककडे येणारी गाडी इगतपुरीला थोडी अधिक वेळ थांबणार, हे नाशिककरांच्या कित्येक पिढ्यांनी गृहीत धरलेले होते. घाट चढून आलेले इंजिन तेथे सुटत असे, दुसरे येऊन लागत असे आणि मग गाडी पुढे निघत असे. इंजिन बदलण्यामागे साधे कारण होते. मुंबईकडील विद्युत मार्गावर १५०० व्होल्टचा डीसी, म्हणजे एकदिश प्रवाह होता. इगतपुरीच्या पुढे भुसावळच्या दिशेने १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जे विद्युतीकरण झाले, ते २५ हजार व्होल्टच्या एसी, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहावर. एका प्रवाहासाठी बांधलेले इंजिन दुसऱ्या प्रवाहावर चालत नसे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस दोन्ही प्रवाहांवर धावणारी इंजिने या मार्गावर आली, आणि २०१५ मध्ये मुंबईकडील डीसी प्रवाहाचे एसीत रूपांतर पूर्ण झाल्यावर हा प्रश्नच मिटला.

मोठ्या रेल्वेत मिटलेला हा प्रश्न घरातील टेबलावरच्या छोट्या रेल्वेत मात्र आजही कायम आहे. जर्मनीतील मामा एक सुबक इंजिन पाठवतात, अमेरिकेतील काकू दुसरे आणतात, घरात आजोबांच्या वेळचा ट्रान्सफॉर्मर आणि रुळांचे एक वर्तुळ असते. मुले भोवती गोळा होतात, बटण फिरवले जाते, इंजिन नुसते गुणगुणते, तापते आणि जळका वास येतो. हजारो रुपयांची वस्तू काही मिनिटांत निकामी होते. तिची दुरुस्ती करणारा कारागीर आणि तिचे सुटे भाग आपल्या शहरात सहज मिळत नाहीत. त्यामुळे साध्या, पारंपरिक ट्रान्सफॉर्मरवर गाडी चालवू इच्छिणाऱ्याने इंजिन घेण्यापूर्वीच काही गोष्टी समजून घेणे हिताचे ठरते.

ट्रान्सफॉर्मर नेमके काय करतो?

आपल्या घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा एसी पुरवठा येतो. ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब उतरवून तो खेळण्यास सुरक्षित अशा पातळीवर, साधारणतः १२ ते १८ व्होल्टपर्यंत आणतो. पेटीतून बाहेर पडणारा प्रवाह एसीच ठेवला, तर ती एसी पद्धत. तोच प्रवाह रेक्टिफायरमधून नेऊन एकदिश केला, तर ती डीसी पद्धत. दोन्ही पद्धतींत पेटीवरील मूठ फिरवली की रुळांवरचा दाब कमी-अधिक होतो आणि त्यानुसार इंजिनाचा वेग बदलतो. या व्यवस्थेला आज ‘अ‍ॅनालॉग’ पद्धत म्हणतात.

डिजिटल पद्धतीत रुळांवर कायम पूर्ण दाब असतो आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटातील डीकोडर स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा ओळखून मोटरला वीज देतो. ही पद्धत १९८०च्या दशकात रुजू लागली. पुढे १९९०च्या दशकात अमेरिकेतील हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने डीसीसी या नावाने तिचे मानक ठरवले. आज परदेशी दुकानांतील बरीचशी नवी इंजिने या मानकाला धरून तयार होतात. म्हणूनच जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या मालकाला निवड करताना अधिक सावध राहावे लागते.

पहिला प्रश्न : डीसी की एसी?

हॉर्नबी, बाखमन, रोको, फ्लाइशमान, पिको, काटो, टोमिक्स आणि जुनी लिमा या कंपन्यांची बहुतेक इंजिने दोन रुळांच्या १२ व्होल्ट डीसी पद्धतीवर चालतात. एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते. उजव्या हाताचा रूळ धन असेल, तर इंजिन पुढे जाते. मूठ उलट बाजूस फिरवून धन-ऋण बदलले की इंजिन मागे येते. डाव्या व उजव्या चाकांना एकमेकांपासून विलग ठेवलेले असते.

१८५९ मध्ये स्थापन झालेल्या जर्मनीतील मर्क्लिन कंपनीची परंपरा वेगळी आहे. तिच्या एचओ आकारातील गाड्या एसीवर चालतात. वीज मधल्या रुळातून किंवा स्लीपरच्या मधोमध बसवलेल्या बारीक धातूच्या टोकांतून येते. इंजिनाच्या पोटाखालची लांब पट्टी ती उचलते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून वीज परत जाते. वेगासाठी साधारण १६ व्होल्टपर्यंतचा दाब वापरतात. दिशा बदलण्यासाठी मूठ शून्याच्याही मागे दाबून २४ व्होल्टचा क्षणिक झटका दिला जातो. अमेरिकेतील लायोनेलच्या ओ-गेज गाड्याही तीन रुळांच्या व एसीच्या आहेत. त्यांचा दाब १८ व्होल्टपर्यंत जातो आणि पोटाखाली पट्टीऐवजी छोटे रूळकाठी असलेले रोलर असतात.

चुकीची जोडी लावली तर काय होते, ते ठाऊक असावे. डीसी इंजिनाच्या मोटरमध्ये कायमचुंबक असतो. तिला एसी दिला तर ती फिरत नाही, केवळ कंप पावते, तापते आणि अखेर जळते. मर्क्लिनचे इंजिन दोन रुळांच्या डीसी मार्गावर ठेवले, तर त्याची दोन्ही बाजूंची चाके परस्परांना जोडलेली असल्याने थेट शॉर्टसर्किट होते. उलटपक्षी, दोन रुळांचे डीसी इंजिन मर्क्लिनच्या मार्गावर ठेवले तर ते हलतच नाही. तेथे बाहेरचे दोन्ही रूळ एकाच टोकाला जोडलेले असतात.

तीन रूळ दिसले म्हणजे एसीच, असे मात्र समजू नये. ब्रिटनमधील हॉर्नबी डब्लो ही मालिका १९३८ मध्ये सुरू झाली, ती तीन रुळांची असूनही १२ व्होल्ट डीसीवर चालणारी होती. आजोबांच्या पेटीत अशी गाडी असेल आणि तिला मर्क्लिनचा ट्रान्सफॉर्मर जोडला, तर नुकसान अटळ आहे.

ओळखण्याची सोपी रीत अशी. इंजिन उलटे करावे. पोटाखाली पट्टी किंवा रोलर नसेल आणि मल्टिमीटरने तपासल्यावर डाव्या-उजव्या चाकांमध्ये थेट शॉर्ट दिसत नसेल, तर ते दोन रुळांचे डीसी इंजिन असण्याचा संभव फार मोठा. अशा वेळी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन टोके तारेने दोन्ही बाजूंच्या चाकांना क्षणभर लावावीत. चाके फिरली आणि टोके उलटी लावताच उलट फिरली, तर शंका उरत नाही.

ट्रान्सफॉर्मरची ताकद व मूळ देश

ट्रान्सफॉर्मरच्या तळाशी लावलेली पट्टी वाचल्याशिवाय इंजिनाची निवड करूच नये. तीवर तीन गोष्टी पाहाव्यात : किती व्होल्टच्या पुरवठ्यासाठी तो बनवला आहे, बाहेर पडणारा प्रवाह एसी आहे की डीसी, आणि त्याची क्षमता किती अँपिअर किंवा व्होल्ट-अँपिअर आहे.

आधुनिक एचओ इंजिन डबे ओढताना सामान्यतः अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी वीज घेते. १९५०-६०च्या दशकांतील जुनी मोटर, विशेषतः तिचा चुंबक क्षीण झाला असल्यास, एक अँपिअरपर्यंत मजल मारते. १२ व्होल्टला एक अँपिअर म्हणजे १२ व्होल्ट-अँपिअर. एवढ्या क्षमतेच्या पेटीवर एक जुने किंवा दोन नवी इंजिने सुखाने चालतील. दिवे लावलेले डबे जोडायचे असल्यास त्यांचाही हिशेब धरावा. लायोनेलच्या मोठ्या, जुन्या इंजिनांना दोन-तीन अँपिअर लागू शकतात. त्यांना लहान पेटी पुरत नाही.

मूळ देशाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ब्रिटन व युरोप खंडातील पेट्या २२० ते २४० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी असतात. त्या आपल्याकडे योग्य पिन वापरून चालतात. अमेरिकेतील पेटी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची, तर जपानमधील १०० व्होल्टची असते. ती थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये लावणे म्हणजे आगीला निमंत्रण. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झसाठी बनवलेली पेटी ५० हर्ट्झवर अधिक तापते. नातेवाइकांना केवळ इंजिन पाठवण्यास सांगावे आणि योग्य दाबाची पेटी वेगळी घ्यावी, हे उत्तम.

मर्क्लिनच्या जुन्या २२० व्होल्टच्या पेट्यांबाबत आणखी एक सूचना. पुरवठा २४० व्होल्टपर्यंत चढला, तर दिशा बदलण्याचा २४ व्होल्टचा झटका २६ व्होल्टच्या वर जातो. रिले असलेल्या जुन्या इंजिनांना त्याचे फारसे वाटत नाही. डीकोडर असलेल्या नव्या इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक भाग मात्र त्याने जळू शकतात. कापडी वेष्टनाची वायर, भेगाळलेले रबर किंवा पत्र्याची बॉडी असलेली जुनी पेटी कितीही प्रिय असली तरी मुलांच्या हाती देऊ नये. ती कपाटात शोभेसाठी ठेवावी आणि गाडी नव्या पेटीवर चालवावी.

आकार : फ्लॅट पाहून माप ठरवा

एचओ हा जगातील सर्वाधिक प्रचलित आकार. त्याचे प्रमाण १:८७ असून रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ब्रिटनमधील ओओ आकार १:७६ प्रमाणाचा असला, तरी रूळ तेच असतात. त्यामुळे दोन्ही प्रकारची डीसी इंजिने एकाच मार्गावर धावू शकतात. एन आकारात प्रमाण १:१६० आणि रूळ ९ मिलिमीटरचे असतात. ओ-गेजमध्ये रुळांतील अंतर ३२ मिलिमीटरच्या आसपास असते.

इंजिन निवडताना ते किती तीव्र वळण घेऊ शकते, हे पाहणे अत्यावश्यक आहे. हॉर्नबीच्या पहिल्या वळणाची त्रिज्या ३७१ मिलिमीटर, दुसऱ्याची ४३८ आणि तिसऱ्याची ५०५ मिलिमीटर असते. दुसऱ्या वळणाचे पूर्ण वर्तुळ साधारण ९२ सेंटिमीटर रुंदीत बसते. लांब सहाचाकी बोगींची मोठी इंजिने पहिल्या वळणावर अडखळतात किंवा रुळावरून उतरतात. अनेक उत्पादक त्यांच्यासाठी दुसरे वळण ही किमान अट सांगतात. बाजारात सर्रास मिळणारी ८ फूट बाय ४ फुटांची प्लायवूडची फळी घेतली, तर तिच्यावर तिसऱ्या वळणाचेही वर्तुळ बसते आणि निवडीला मोकळीक मिळते. दोन खोल्यांच्या घरात एवढी जागा नसेल, तर एन आकार घ्यावा. तो ७० सेंटिमीटर रुंदीतही समाधानाने मावतो. मात्र लहान मुलांच्या हातांना एनची इंजिने नाजूक ठरतात, आणि त्यांच्या हलक्या चाकांना रुळांवरची धूळ अधिक जाचते.

डिजिटल इंजिन जुन्या पेटीवर चालेल का?

परदेशी विक्रेत्यांच्या जाहिरातींत दोन शब्दप्रयोग वारंवार आढळतात. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे इंजिनात डीकोडर बसवण्याची खाच आहे, पण डीकोडर बसवलेला नाही. खाचेत एक साधा पूल-तुकडा असतो आणि इंजिन साध्या डीसी ट्रान्सफॉर्मरवर चालते. पारंपरिक पद्धत वापरणाऱ्याने हेच घ्यावे. पुढे कधी मन बदललेच, तर डीकोडर घालण्याची वाटही मोकळी राहते.

‘डीसीसी फिटेड’ म्हणजे डीकोडर आधीच बसवलेला. यांपैकी पुष्कळ डीकोडर साधा डीसी प्रवाहही ओळखतात. परंतु मूठ फिरवायला लागल्यावर पाच-सात व्होल्टपर्यंत इंजिन जागचे हलत नाही. प्रथम डीकोडरला जाग यावी लागते, त्यानंतर ते एकदम वेगाने निघते. आवाज काढणाऱ्या इंजिनांत ही सुरुवात आणखी उशिरा होते. काही डीकोडरांत अ‍ॅनालॉग प्रवाहाची परवानगी कारखान्यातच बंद केलेली असते. ती चालू करण्यास डिजिटल यंत्रणाच हवी. असे इंजिन हाती आलेच, तर जाणकाराकडून डीकोडर काढून त्याच्या जागी पूल-तुकडा बसवून घेणे हा सरळ उपाय आहे.

मर्क्लिनची नवी डिजिटल इंजिने बहुधा जुन्या एसी पेटीवरही चालतात, पण प्रत्येक इंजिनाची माहितीपुस्तिका पाहूनच खात्री करावी. लायोनेलच्या बाबतीत गोंधळ अधिक आहे. केवळ रिमोट किंवा ब्लूटूथवर चालणाऱ्या तिच्या काही साध्या इंजिनांचा वेग ट्रान्सफॉर्मरच्या मुठीने बदलत नाही. ‘पारंपरिक ट्रान्सफॉर्मरवर चालते’ असा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय ते घेऊ नये.

इंजिनाच्या पोटात काय पाहावे?

साध्या ट्रान्सफॉर्मरवर संथ वेगात न अडखळता चालणे ही इंजिनाची खरी परीक्षा. डिजिटल पद्धतीत इलेक्ट्रॉनिक्स पुष्कळ उणिवा झाकते. मुठीच्या पद्धतीत यंत्राचा दर्जा उघडा पडतो. म्हणून पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट मोटर. पाच ध्रुवांची मोटर तीन ध्रुवांच्या मोटरपेक्षा कमी वेगात अधिक सलग फिरते. तिच्या दांड्यावर पितळेचे गतिचक्र असेल, तर रुळावरील धुळीच्या ठिपक्यावरून इंजिन न थांबता पुढे सरकते. काही अलीकडच्या इंजिनांत गाभा नसलेली, म्हणजे कोअरलेस मोटर असते. ती अतिशय मऊ चालते, परंतु खंडित झटक्यांनी वेग नियंत्रित करणाऱ्या काही जुन्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांवर ती तापते. तिच्यासाठी गुळगुळीत डीसी देणारी पेटी वापरावी.

दुसरी गोष्ट वीज उचलणारी चाके. जितकी अधिक चाके वीज घेतील तितके उत्तम. केवळ चार चाकांचे छोटे टाकी-इंजिन दिसायला गोजिरवाणे असते, पण सांध्यांच्या मधल्या प्लास्टिकच्या तुकड्यावर ते हमखास थबकते. आठ किंवा बारा चाकांतून वीज घेणारे डिझेल अथवा विद्युत इंजिन तेथून सहज निघून जाते.

तिसरी गोष्ट वजन व ओढशक्ती. दोन्ही बोगींना मोटरचा जोर पोहोचत असेल आणि इंजिन हाताला जड लागत असेल, तर ते अधिक डबे ओढते. काही कंपन्या एक-दोन चाकांना रबरी कडे बसवून पकड वाढवतात. ही कडी कालांतराने कडक होतात, म्हणून सुटी कडी मिळतात की नाही हे आधीच विचारावे.

चौथी गोष्ट चाकांची कड. लिमासारख्या जुन्या गाड्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात. आज प्रचारात असलेल्या कमी उंचीच्या रुळांवर, विशेषतः सुमारे १.९ मिलिमीटर उंचीच्या रुळांवर, त्या खिळ्यांच्या डोक्यांना घासतात. अडीच मिलिमीटर उंचीचे रूळ घेतले, तर नवी-जुनी दोन्ही इंजिने चालतात.

पहिले इंजिन कोणते?

वाफेचे इंजिन सर्वांना मोहवते. परंतु त्याच्या दांड्या, सांधे व बारीक जोडकाम सांभाळणे नवख्याला जड जाते. पहिले इंजिन म्हणून दोन बोगींचे, सर्व चाकांना जोर असलेले, ‘डीसीसी रेडी’ डिझेल किंवा विद्युत इंजिन घ्यावे. हात बसल्यावर वाफेकडे वळावे.

भारतीय रूपाचा आग्रह असणाऱ्यांना थोडी तडजोड करावी लागते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. तो १:८७ प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो, तर एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रुळांवर आपली गाडी किंचित अरुंद पायावर धावणार, हे स्वीकारावे लागते. रूपाचे नातेवाईक मात्र शोधता येतात. आपले डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन अमेरिकेतील आल्को कंपनीच्या रचनेचे, १९६२ मध्ये आलेले. त्यामुळे आल्कोच्या अमेरिकी प्रतिकृतींत त्याची छटा दिसते. डब्ल्यूएपी-५ हे विद्युत इंजिन स्वित्झर्लंडच्या ‘लोक २०००’ या संकल्पनेवर आधारलेले. तिच्यातील स्विस आरई ४६० इंजिनाच्या प्रतिकृती अनेक युरोपीय कंपन्यांनी डीसी व एसी दोन्ही प्रकारांत काढल्या आहेत.

नाशिककरांना आणखी एक नाते भावेल. कसाऱ्याच्या घाटात १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून डब्ल्यूसीजी-१ ही लांब नाकांची विद्युत इंजिने राबली. ‘खेकडा’ या नावाने ती ओळखली जात. त्यांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे. त्यांचा घाट स्वित्झर्लंडच्या गोथार्ड मार्गावरील ‘मगर’ इंजिनाशी मिळताजुळता. मर्क्लिनने एचओ आकारात १९४७ पासून काढलेली ‘मगर’ संग्राहकांत प्रसिद्ध आहे. मुळातील खेकडा डीसीवर चालणारा, तर मर्क्लिनची मगर एसीवर. घेताना हा फरक विसरू नये.

टेबलावरचा कसारा घाट

कसारा ते इगतपुरी चढ ३७ला १ इतका तीव्र आहे. म्हणजे ३७ मीटर चालल्यावर १ मीटर उंची. गाड्यांना मागून रेटण्यासाठी कसाऱ्याला बँकर इंजिने जोडतात, हे प्रवाशांच्या परिचयाचे दृश्य आहे. हाच चढ टेबलावर जसाच्या तसा करता येतो, कारण मॉडेल रेल्वेतही ३ टक्क्यांच्या आतला चढ सामान्य इंजिनाला झेपतो आणि ३७ला १ म्हणजे सुमारे २.७ टक्के. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर रूळ सात सेंटिमीटर उचलावे लागतात. त्यासाठी सुमारे २ मीटर ६० सेंटिमीटर लांबीचा चढ हवा. चढावर वळण आले की इंजिनाची ओढ आणखी कमी होते, हेही लक्षात घ्यावे.

बँकर लावायचा असल्यास दोन्ही इंजिने एकाच कंपनीची, एकाच मोटरची असावीत. मुठीच्या पद्धतीत रुळांवरील सर्व इंजिनांना एकच दाब मिळतो. मागचे इंजिन वेगवान असेल, तर ते मधले हलके डबे वळणावर बाहेर फेकते. दोन्ही इंजिने एकामागे एक, वीतभर अंतर ठेवून सुटी चालवावीत. चार फेऱ्यांत अंतर फारसे बदलले नाही, तर जोडी जमली. एका इंजिनात डीकोडर आणि दुसऱ्यात नाही, अशी जोडी कधीही जमत नाही.

दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवण्यासाठी मार्गाचे विभाग पाडावेत, विभागांमध्ये प्लास्टिकचे जोड घालावेत आणि प्रत्येक विभागाला साधे बटण द्यावे. एक गाडी फलाटावर निवांत उभी असताना दुसरी फिरत राहते. यासाठी संगणक लागत नाही, थोडी वायर आणि संयम पुरतो. शाळकरी मुलाला विजेचे मंडल शिकवण्याचा याहून आनंददायी मार्ग क्वचितच असेल.

जुने इंजिन घेताना

जुन्या इंजिनाचा देह रंगाने नव्हे, धातूने पारखावा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या व आसपासच्या काळातील जस्तमिश्रित ओतकाम अशुद्धीमुळे फुगते, त्याला भेगा पडतात आणि ते अखेर चुरा होते. यावर इलाज नाही. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्यास ते इंजिन चालवण्यासाठी घेऊ नये. प्लास्टिकच्या दातेरी चक्राला तडा गेला असेल, तर चालताना ठरावीक लयीत टकटक आवाज येतो. विक्रेत्याकडून चालत्या इंजिनाची ध्वनीसह चित्रफीत मागवावी. संथ वेगातील चाल दाखवण्यास तो टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार टाळावा.

परदेशातून मागवताना

भारताने खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू असून त्यात विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ या मानकाचा समावेश आहे. टपालाने येणाऱ्या भेटवस्तू, प्रवाशाच्या सामानातील वस्तू व व्यापारी आयात यांचे नियम वेगवेगळे असतात आणि ते बदलतात. तेव्हा मागणी नोंदवण्यापूर्वी चालू नियम पाहावेत. शुल्क व टपालखर्च धरून इंजिनाची किंमत बरीच वाढते, म्हणून चुकीचे इंजिन परत पाठवणे परवडत नाही.

खरेदीपूर्वी चालती मॉडेल रेल्वे एकदा डोळ्यांनी पाहावी. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या प्रयत्नांतून १९९८ मध्ये उभे राहिलेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय त्यासाठी उत्तम ठिकाण आहे. वेगवेगळ्या प्रकारच्या गाड्या शेजारी शेजारी धावताना पाहिल्या की आकार, आवाज व वेग यांचा जो अंदाज येतो, तो छायाचित्रांवरून येत नाही.

निगा

नव्या इंजिनाला पहिल्या दिवशी डबे जोडू नयेत. दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने ते मोकळे फिरू द्यावे. तेल देताना सुईच्या टोकावर मावेल एवढाच थेंब द्यावा. जास्त तेल चाकांवर उतरते, रुळांवर पसरते आणि धूळ धरते. घरातील शिवणयंत्राचे तेल प्रत्येक प्लास्टिकला मानवेलच असे नाही, म्हणून प्लास्टिकला अपाय न करणारे तेल घ्यावे. लोखंडी रूळ पावसाळ्यात गंजतात. निकेल-सिल्व्हरचे रूळ अधिक टिकाऊ ठरतात. महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने रूळ पुसावेत, मात्र त्या वेळी वीज बंद असावी आणि रूळ वाळल्यावरच ती चालू करावी. सतरंजीवर गाडी मांडू नये. तिचे धागे चाकांच्या दांड्यांभोवती गुंडाळले जातात.

वीज गेली की प्रथम मूठ शून्यावर आणावी आणि मुख्य बटण बंद करावे. अन्यथा वीज परत येताच इंजिन पूर्ण वेगाने सुटते आणि टेबलावरून खाली कोसळते. खेळ संपल्यावर पेटी सॉकेटमधून काढून ठेवण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

थोडक्यात

- ट्रान्सफॉर्मरवरील पट्टी आधी वाचावी, इंजिन नंतर निवडावे.
- डीसी पेटीसाठी दोन रुळांचे ‘डीसीसी रेडी’ इंजिन घ्यावे. मर्क्लिन व लायोनेलसाठी त्यांचीच एसी पेटी वापरावी.
- अमेरिकेतील किंवा जपानमधील पेटी थेट आपल्या सॉकेटमध्ये लावू नये.
- मार्गावरील सर्वांत तीव्र वळण मोजून मगच इंजिनाची लांबी ठरवावी.
- सर्व चाकांतून वीज, दोन्ही बोगींना जोर आणि पाच ध्रुवांची मोटर यांना सजावटीपेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

नाशिकरोडजवळ एकलहरे येथील मध्य रेल्वेच्या कारखान्यात मोठ्या इंजिनांच्या मोटरी उघडल्या जातात, तपासल्या जातात आणि पुन्हा रुळांवर पाठवल्या जातात. घरातील छोट्या इंजिनाची मोटर त्याच तत्त्वावर फिरते. तिला योग्य प्रवाह, माफक तेल आणि स्वच्छ रूळ मिळाले, तर आज नातवासाठी घेतलेले इंजिन त्याच्या मुलांनाही फिरवता येईल. आजोबांची पेटी उघडून बसलेल्या घरांना याचा अनुभव आहेच.